आधी एकक, मग दशक

साठीनंतर इथं कोल्हापुरात मी जर्मन शिकायला बसलो. एकवीसला ते म्हणतात ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’, म्हणजे एक आणि वीस. आपल्यासारखंच आधी एकक, मग दशक! मी खूश. फरक एकोणतीसचा, तिथं सरळ ‘नऊ आणि वीस’.

पण बाईंनी जर्मनमध्ये पंचेचाळीस सांगितलं आणि घाईत मी ५४ लिहिलं. याच चुकीसाठी नातवाला मी रागावलो होतो.

२०१९मध्ये आपल्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं, तेव्हा मीही हसलो होतो. जर्मनीत अशाच बदलासाठी २००४मध्ये एक संस्था निघाली.

‘एकवीस’ काही माझ्यानं सुटणार नाही. पण आता नातवाशेजारी मीही वही घेऊन बसतो.