पोपट कुणाचं ऐकतो?

पक्ष्यांची आवड आहे असं एकदा लोकांना कळलं, की एक प्रश्न हमखास येतो. ‘पोपटाला बोलायला कसं शिकवायचं हो?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, ‘आणि नीट वागायला?’ मला या दोन्ही प्रश्नांचं उत्तर धरणगावच्या आमच्या घरात, 1968 साली मिळालं. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो.

धरणगाव म्हणजे बालकवींचं जन्मगाव. आमचं घर धाब्याचं, पुढे ओटा, ओट्याच्या आढ्याला पिंजरा, आणि पिंजऱ्यात कंठवाला हिरवा मिठू. त्या काळी पोपट पाळण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दारी आलेल्या पाहुण्याला मिठूनं ‘राम राम’ म्हणावं, अशी आजोबांची फार हौस. रोज सकाळी पूजा आटोपली, की ते पिंजऱ्यासमोर उभे राहत आणि शंभर वेळा ‘राम राम’ म्हणत. चार महिने हा नेम चालला. मिठू मान तिरकी करून ऐके, पेरू खाई आणि गप्प बसे.

आखाजीचा सण आला. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, गौराईची गाणी होतात, झोके बांधतात. माझ्या काकूला न्यायला तिचे वडील आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले, पावसापाण्याच्या गोष्टी निघाल्या. तेवढ्यात पिंजऱ्यातून, हुबेहूब आमच्या आजीच्या आवाजात, ठसक्यात हाक आली, ‘कोठे मरनी वं?’ म्हणजे, कुठं मेलीस गं? आणि आतून काकू ‘उनू, उनू’ करत, पिठाचे हात तसेच घेऊन धावत बाहेर आली.

कुणी हसलं नाही. पोपट काय बोलला, याचं तिच्या वडिलांना काही वाटलं नसावं. आपली लेक त्या हाकेला किती घाईनं धावत आली, तेच ते पाहत राहिले.

आता गंमत बघा. शंभर वेळा म्हटलेलं ‘राम राम’ मिठूला आलं नाही आणि कुणी न शिकवलेली ती हाक मात्र आली. असं का व्हावं?

पोपट हा थव्यात राहणारा पक्षी. थव्यात एकानं साद घातली, की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत. एकटा पोपट पिंजऱ्यात आला, की घरातली माणसं हाच त्याचा थवा होतो, आणि या थव्यात कोणती साद घातली की कोण हलतं, हे तो बारकाईनं टिपतो. ‘राम राम’नं आमच्या घरात काहीच हलत नव्हतं. ‘कोठे मरनी वं’ म्हटलं, की एक माणूस धावत येत होतं. मिठूच्या लेखी तोच शब्द कामाचा.

पोपटाची जीभ साफ केली, तिला मिरची चोळली की तो बोलतो, असं पूर्वी सांगत. त्यात तथ्य नाही. पक्ष्याचा आवाज निघतो तो श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्रातून. जीभ त्या आवाजाला घाट देते, एवढंच. आणि मिरचीचा तिखटपणा तर पक्ष्यांना जाणवतच नाही, म्हणून पोपट ती आवडीनं खातो.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी 1977 साली दुकानातून एक आफ्रिकन ग्रे पोपट आणला. त्याचं नाव अ‍ॅलेक्स. 2007 साली तो गेला, तोवर त्याला शंभरावर शब्द येत होते. रंग, आकार तो ओळखी, सहापर्यंत वस्तू मोजून सांगे. ‘पोपटपंची’ म्हणजे न समजता केलेली घोकंपट्टी, हा आपला शब्दच त्यानं खोटा पाडला. पण बाईंची शिकवण्याची पद्धत ऐका. त्या पोपटासमोर उभं राहून शब्द घोकत नसत. दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांशी बोलत. एक वस्तू दाखवून विचारी, हे काय? दुसरा उत्तर देई. उत्तर बरोबर आलं तर ती वस्तू त्याच्या हाती पडे, चुकलं तर नाही. अ‍ॅलेक्स हे सगळं बघत असे आणि मग स्वतःच मध्ये तोंड घाली.

म्हणजे मंडळी, आपण पोपटाशी काय बोलतो यापेक्षा आपण एकमेकांशी काय बोलतो, याकडे त्याचं अधिक लक्ष असतं.

वागण्याचंही तसंच. पोपट किंचाळला, की आपण ‘गप रे’ म्हणून ओरडतो. त्याला वाटतं, वा, थव्यातून उत्तर आलं! मग तो दुप्पट किंचाळतो. अशा वेळी तिकडे लक्ष देऊ नये. तो शांत झाला, की दोन गोड शब्द बोलावे, दाणा द्यावा. चावला तर मारू नये, हात झटकू नये. शिकवणी सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं पुरे. पेरू देताना ‘पेरू’ म्हणावं, नाव घेऊन हाक मारावी. रात्री त्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळावी.

याची उलटी बाजूही आपल्या राज्यात पाहायला मिळाली. 2015 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका वृद्ध बाईंनी पोलिसांत तक्रार दिली, की घरच्या भांडणातून पोपटाला आपल्याला शिव्या द्यायला शिकवलं आहे. पोपटाला ठाण्यात हजर केलं. तिथं त्यानं चोचही उघडली नाही! शेवटी त्याला वनविभागाच्या हवाली करण्यात आलं. लोक ती बातमी वाचून हसले. मला मात्र त्या घराची काळजी वाटली.

वनविभागाच्या हवाली का, तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे रानपोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. झाडाच्या ढोलीतून काढलेली कितीतरी पिल्लं बाजारात पोचण्याआधीच मरतात. म्हणून रस्त्यावर टोपलीतला पोपट दिसला, तर कीव येऊनही विकत घेऊ नका. एक विकला गेला, की विकणारा आणखी पिल्लं काढतो. घरात आधीचा असेल, तर नुसतं पिंजऱ्याचं दार उघडू नका. माणसाळलेल्या पक्ष्याला रानात दाणा शोधता येत नाही, मांजर-कुत्र्याची भीती नसते. वनविभागाला कळवा. आफ्रिकन ग्रे, मकाव असे परदेशी पोपट पाळणाऱ्यांना 2024च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते. बजरीगरसारख्या काहींना ती लागत नाही. पण कोणताही पोपट आणा, शिकवणीचं सूत्र तेच.

आमच्या मिठूचं पुढं काय झालं, ते सांगतो. काकू आखाजीहून परत आली. आजीनं कधी तिची माफी मागितली नाही, त्या पिढीच्या सासवा मागतही नसत. पण मिठू ती हाक काही विसरेना. दिवसातून दहादा ओट्यावरून आजीला तिचाच आवाज ऐकू येई, शेजारपाजारही ऐके. आजीनं हळूहळू ती हाक सोडली. काकूही शहाणी, त्या हाकेला जागची हलेनाशी झाली. मिठू दुसरं काही गुणगुणला, की हिरवी मिरची घेऊन जाई.

त्याला दोन-तीन वर्षं लागली. एका दुपारी सगळ्यांची पानं उचलून झाली होती, काकू एकटी चुलीशी बसली होती. ओट्यावरून आजीच्या आवाजात हाक आली, ‘जेवनी का वं?’

काकू सवयीनं ‘जेवते ना’ म्हणाली. आजी तर शेतात गेली होती.

‘राम राम’ मात्र मिठू शेवटपर्यंत म्हणाला नाही.