बंद पडलेल्या कॉम्प्युटरची जबानी



घरचा कॉम्प्युटर काम करता करता अडकतो, निळा किंवा काळा पडदा येतो, पुन्हा सुरू होतो आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग तो रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या दुकानात न्या नाहीतर समता कॉलनीतल्या, पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘फॉरमॅट मारना पडेगा.’ आज मला या उपायाविरुद्ध बोलायचं आहे. बंद पडताना कॉम्प्युटर आपली जबानी लिहून ठेवतो. फॉरमॅट केलं की ती जबानी पुसली जाते, घरातले फोटो-कागद धोक्यात येतात, आणि दोषी मात्र पुष्कळदा परत येतो. कारण विंडोज नव्यानं टाकलं की इंटरनेटवरून तोच बिघडलेला ड्रायव्हर ते आपणहून पुन्हा उतरवून घेऊ शकतं.

ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एखादा भाग आणि विंडोज यांच्यामधला प्रोग्रॅम. पडदा, आवाज, वायफाय, प्रिंटर, प्रत्येकाचा वेगळा. आपण वापरतो ते ब्राउझर किंवा टॅलीसारखे प्रोग्रॅम मर्यादित अधिकारांत चालतात. त्यांतला एक कोसळला तर तेवढाच बंद होतो. पण बरेचसे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, पूर्ण अधिकारानिशी चालतात. तिथे एकानं भलत्याच मेमरीला हात घातला, तर पुढे काय काय बिघडेल याची खात्री उरत नाही. म्हणून विंडोज सगळं तिथल्या तिथे थांबवतं. तुमची माहिती आणखी खराब होऊ नये, यासाठी मुद्दाम घेतलेला तो निर्णय असतो.

हा प्रश्न जुना आहे. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोच्या एका कॉम्प्युटर प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज 98 चं प्रात्यक्षिक चालू होतं. स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळा पडदा आला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका शोधनिबंधात विंडोज एक्सपीच्या कोसळण्यांपैकी 85 टक्के ड्रायव्हरमुळे होतात, असा आकडा दिला होता. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली, तरी मूळ रचना तीच राहिली.

तिची किंमत जगानं 19 जुलै 2024 ला मोजली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर गाभ्यात चालत होता. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी त्याच्यासाठी एक छोटी फाइल जगभर गेली. तिच्यातल्या नियमाला 21 रकाने हवे होते, प्रोग्रॅम पुरवत होता 20. एकविसावा वाचायला गेलेल्या ड्रायव्हरनं हद्दीबाहेरच्या मेमरीला हात घातला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळे पडले. हैदराबादच्या विमानतळावर पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीनं 10 वाजून 57 मिनिटांनी फाइल मागे घेतली, पण पडलेल्या यंत्रांना त्याचा उपयोग नव्हता, कारण ती सुरूच होत नव्हती. मग उपाय कोणता निघाला? यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांनिशी, सुरू करायचं, ती एक फाइल काढायची, पुन्हा चालू करायचं. इतक्या मोठ्या संकटातही कामाला आलं ते नेमकी दोषी फाइल ओळखणं.

घरीही हेच करायचं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. दिवसांचे उभे रकाने दिसतात. कोसळण्याच्या दिवशी लाल फुली असते. पहिली लाल फुली शोधा आणि तिच्या आदल्या एक-दोन दिवसांच्या रकान्यात खाली पाहा: काही नवं बसवलं गेलं का? पुष्कळदा तिथे ग्राफिक्सचा किंवा वायफायचा ताजा ड्रायव्हर सापडतो. पडद्यावर येणारा स्टॉप कोडही मोबाइलनं टिपून ठेवा. उदाहरणार्थ, व्हिडिओ टीडीआर फेल्युअर या कोडचा अर्थ ग्राफिक्स कार्डाकडून ठरल्या वेळेत, साधारणपणे दोन सेकंदांत, उत्तर आलं नाही आणि ते सावरताही आलं नाही. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर असतं. तिथल्या फाइली जाणकाराकडून वाचून घ्या. त्यांत एन-टी-ओ-एस कर्नल हे नाव आलं तर त्यालाच दोषी धरू नका. तो खुद्द गाभा आहे, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यानं केलेल्या चुकीमुळे पडलेला असतो.

जबानी पडताळूनही पाहावी लागते. दर वेळी त्याच ड्रायव्हरचं नाव येत असेल, तर संशय त्याच्यावर. दर वेळी वेगळं नाव येत असेल, तर आधी रॅम तपासा. त्यासाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक आहे. आणि स्टॉप कोडचा पडदा न येता यंत्र एकदम विझत असेल, तर उष्णता किंवा वीजपुरवठा पाहा. रायपूरला हे विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा 43-44 अंशांपर्यंत जातो, आणि उरला-सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ खिडक्यांवर बसते तशी पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकवरही बसते. कॅबिनेट उघडून ब्रशनं धूळ काढणं, हा आपल्याकडे तपासाचाच भाग आहे.

दोषी ड्रायव्हर सापडला की डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, आणि ड्रायव्हरच्या टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलसाठीच दिलेला ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांपासून दूर राहा. विंडोज सुरूच होत नसेल तर रिकव्हरीच्या पडद्यावरून सेफ मोडमध्ये जा. तिथे मोजकेच ड्रायव्हर चालतात, त्यामुळे दुरुस्तीला सवड मिळते. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचं: एका वेळी एकच बदल करा, दोन दिवस वापरा, मग पुढचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कॉम्प्युटर बरा होईलही, पण कशानं झाला ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागेल.

मित्रहो, दुरुस्तीवाल्यावर माझा राग नाही. गिऱ्हाइकाला घाई असते आणि फॉरमॅट लवकर उरकतं. म्हणून सवय आपण बदलायची. यापुढे कुणी फॉरमॅट सुचवलं, तर होकार देण्याआधी दोन प्रश्न विचारा: कोणती फाइल दोषी आहे, आणि हे तुम्ही कशावरून म्हणता? उत्तर मिळालं तर त्या माणसाकडे बिनधास्त काम सोपवा. उत्तर नसेल, तर कॉम्प्युटर तसाच घरी आणा. त्याची जबानी अजून त्याच्याजवळ आहे, आणि ती कशी वाचायची हे आता तुम्हाला ठाऊक आहे.