दाताला लागलेली कीड

मी मूळचा मानोरा तालुक्यातल्या इंझोरीचा, आणि गेली बरीच वर्षं दातांचा डॉक्टर. लहानपणी कुणाची दाढ ठणकली की रिंगणीच्या बियांची धुरी द्यायचे. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, धूर दाढेपर्यंत पोचवायचा आणि मग वाटीतल्या पाण्यावर तरंगणारे पांढरे तंतू दाखवायचे: हे बघा, किडे पडले! माझ्या आजीनंही अशी धुरी घेतली होती. ते तंतू बियांमधूनच निघालेले असत. आजीची दाढ शेवटी काढावी लागली.

दाताला कीड लागते असं आपण म्हणतो, पण तिथं किडा नसतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, आणि ते बाहेरून आलेले शत्रू नाहीत. माणसाच्या तोंडात राहणाऱ्या जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर उपकारक. त्यांनी जागा व्यापलेली असते म्हणून रोगट जंतूंना तिथं पाय रोवता येत नाहीत. म्हणून मी आज जंतू मारायला सांगणार नाही. कुणाला पोसायचं आणि कुणाला उपाशी ठेवायचं, एवढंच सांगणार आहे.

दुधाला विरजण लावलं की काय होतं? जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. दही उन्हाळ्यात ओट्यावर राहिलं की आंबट होतं ते याच आम्लानं. दही लावणाऱ्या जंतूंपैकी एक जात आपल्या जिभेवर राहणाऱ्या जंतूची अगदी जवळची नातलग आहे. तोंडातही हेच विरजण सतत चालू असतं. शेतकरी मंडळींना मातीपरीक्षणाच्या पत्रिकेतला सामू माहीत आहे; आम्ल वाढलं की तो उतरतो. दातावरच्या थरातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. गोड घोट घेतल्यावर काही मिनिटांतच तो खाली जातो. मग लाळ कामाला लागते. आम्ल धुऊन काढते, विरघळलेलं कॅल्शियम दाताला परत देते. त्याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून साखर किती खाल्ली याच्याइतकंच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापूस वेचायला गेलेल्या बाईचा गोड चहा दिवसातून पाच-सहा वेळा होतो. मुलाच्या खिशात चॉकलेट, हातात बिस्किटाचा पुडा. लाळेला उसंतच मिळत नाही. आम्लात टिकणारे थोडे जंतू तेवढे माजतात आणि बाकीचे हटतात. गोड खायचं असेल तर जेवणासोबत खा, मधल्या वेळी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गाजर चावा. आणि गूळ साखरेपेक्षा दातांना बरा, हा समज सोडा. जंतूंना दोन्ही सारखेच, उलट गूळ चिकटून बसतो.

झोपेत लाळ फार कमी होते. त्यामुळे दिवसातून एकदाच दात घासणार असाल तर ते रात्री घासा, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नका. हे मी रोज सांगतो आणि रोज कुणीतरी म्हणतं, आम्ही तर सकाळीच घासतो. सकाळी घासाच, पण रात्रीचं चुकवू नका.

नुसत्या गुळण्यांनी का भागत नाही? हॉलंडमधल्या लेव्हेनहुक नावाच्या कापड व्यापाऱ्यानं १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात हलणारे जीव दिसले. दात व्हिनेगरनं धुऊन पाहिले तर थराच्या बाहेरचेच जीव मेले, आतले जिवंत राहिले. तो थर घासूनच निघतो. जंतुनाशक गुळण्यांचं औषध डॉक्टरांनी दिलं तर सांगितले तितकेच दिवस घ्या, कारण त्यात चांगले जंतूही मरतात. जिभेच्या मागच्या भागावरचे काही जंतू पालक, चवळई, मुळा, बीट यांतल्या नायट्रेटचं रूपांतर करून रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करतात. भाजी आपण खातो, पण तिचं हे काम त्यांच्याशिवाय होत नाही.

आता हिरड्यांचं. घासताना रक्त आलं की माणसं घासणंच बंद करतात. दवाखान्यात मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. हिरडीखालचे जंतू हवेशिवाय वाढतात, रक्तातली आणि सुजेच्या पाण्यातली प्रथिनं त्यांचं अन्न. घासणं थांबलं की थर वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी येतं, आणि ते जंतू आणखी पोसले जातात. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेनं हलक्या हातानं फिरवा. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांचं रक्त थांबतं. नाही थांबलं तर दातांच्या डॉक्टरांकडून थर काढून घ्या. त्यानं दात हलत नाहीत. मधुमेह असलेल्यांनी तर टाळूच नये, कारण बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातली साखर आटोक्यात आणणं अवघड होतं.

कडुनिंबाची, बाभळीची काडी वाईट नाही, पण मागच्या दाढांपर्यंत ती नीट पोचत नाही. राखुंडी, कोळसा, मीठ यांनी दात झिजतात. साधी फ्लोराइडची पेस्ट पुरे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्या मुलाला वाटाण्याएवढी. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे. बोअरचं पाणी पीत असाल तर ते तपासून घ्या.

आणि मिसरी, गुटखा, खर्रा. गालात खर्रा धरून कापूस वेचणारी तरुण पोरं पाहिली की माझा जीव तुटतो. खर्ऱ्यातल्या सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तिखट सोसेनासं होतं, हळूहळू तोंड उघडेनासं होतं, आणि तिथंच पुढं कर्करोग होऊ शकतो. दोन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा पांढरा, लाल चट्टा दिसला तर दुखत नसला तरी दाखवा. आत्ता, ऐकता ऐकता, घरातल्या खर्रा खाणाऱ्याला हाक मारा. त्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याच्याच हाताची तीन बोटं एकावर एक, उभी, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही जात नसतील तर उद्या सकाळी त्याला सोबत घेऊन दवाखाना गाठा.