बिबट्या, ब्रह्मचारी आणि बतावणी

आपल्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. उसात पाणी धरायला रात्री जाणाऱ्याला विचारा. काही घरांनी माणसं गमावली आहेत. तरीही आज बिबट्या असलेल्या एका विनोदी चित्रपटाबद्दल बोलतो, कारण त्यात हसू येतं ते माणसांचं.

चित्रपट १९३८ सालचा, हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’. डायनोसॉरचा सांगाडा जुळवण्यात बुडालेला गंभीर प्राध्यापक म्हणजे कॅरी ग्रँट. त्याला क्षणाची उसंत न देणारी श्रीमंत मुलगी म्हणजे कॅथरिन हेपबर्न. तिच्याकडे ‘बेबी’ नावाचा माणसाळलेला बिबट्या. शेवटी शेवटी सर्कशीचा दुसरा, खरोखर हिंस्र बिबट्या मोकळा सुटतो. हिला वाटतं, हाच आपला बेबी! गळ्यात दोर अडकवून, त्याच्यावर डाफरत, फरफटत ती त्याला थेट पोलीस ठाण्यात आणते. तिथे सगळ्यांची बोबडी वळते. हिला पत्ताच नाही.

या जातीच्या चित्रपटांना स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने पाच ऑस्कर मिळवून त्यांची चलती केली. त्याच वर्षी हॉलिवूडची सेन्सॉरची नियमावली कडक झाली. पडद्यावर जवळीक दाखवायची सोय उरली नाही, तेव्हा प्रेम भांडणात शिरलं. बाई बोलायला लागली आणि शहाण्यासुरत्या पुरुषाची भंबेरी उडाली.

आता आपल्याकडे या. त्याच १९३८ साली हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ आला. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला औदुंबर आणि ते मोडायला निघालेली किशोरी. मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख गाजला, पण माझ्या मते खरी मौज औदुंबरच्या मोठमोठ्या गप्पांची हवा निघते त्यात आहे.

आणि नारायणगावच्या माणसाला हे नवीन का वाटावं? तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. तमाशाच्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट पेंद्या अडवतो, मावशी पदर खोचून पुढे होते आणि सवालाला सवाल भिडतो. पुढे बतावणीत सोंगाड्या भल्याभल्यांची टोपी उडवतो. हॉक्सच्या चित्रपटात दोघं एकाच वेळी बोलतात, एकमेकांचं वाक्य खातात. सोंगाड्याचं तसं नाही. तो हशा पूर्ण पिकू देतो, पब्लिककडे बघत थांबतो आणि हशा ओसरायच्या बेताला पुढचा टोला हाणतो. ही नेमकी वेळ तालमीत शिकता येत नाही. समोरच्या गावाच्या नाडीवर बोट ठेवावं लागतं. म्हणून मला सोंगाड्याची कला अधिक अवघड वाटते.

पण तिला सवड लागते. हल्ली सिनेमाच्या गाण्यांच्या फर्माइशी वाढल्या की पहिली कात्री बतावणीला लागते आणि वग पहाटेकडे ढकलला जातो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. त्या कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. गाणी किती, नाचणाऱ्या किती हे विचाराच. पण सोंगाड्या कोण, बतावणी किती वेळ आणि वग कोणता, हेही विचारा आणि तो पुरा करून घ्या.