चिठ्ठी वाचता आली, पण समजली का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दर वर्षी या व्यासपीठावर गाणे होते, नाटक होते, मुलांच्या स्पर्धा होतात. या वर्षी एक संध्याकाळ डॉक्टरला द्यावी असे समितीला का वाटले कोण जाणे! विषयही मलाच निवडायला सांगितला. म्हटले, रक्तदाब आणि मधुमेहावर आपण बरेच ऐकले आहे. आज डॉक्टरच्या अक्षरावर बोलू. म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवर, आणि ती कागदावरून कॉम्प्युटरवर गेल्यामुळे काय बदलले, काय बदलले नाही, यावर.

समोर लेखकांचे दैवत बसले आहे. महाभारत लिहून घ्यायला व्यासांनी गणपतीला बोलावले, तेव्हा गणपतीने अट घातली, "माझी लेखणी थांबता कामा नये." व्यासांनी उलट अट घातली, "अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही." आम्ही डॉक्टरांनी यातली पहिली अट मनापासून पाळली आहे. लेखणी थांबतच नाही! दुसऱ्या अटीचे काय झाले, ते आज पाहू.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९ व्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसे असावे हे इतक्या तपशिलाने सांगितलेले वाचले की माझ्यासारख्याला लाज वाटते. आमच्या अक्षराला लोक ब्रह्मलिखित म्हणतात, कोणी मोडी म्हणतात. मोडीला मी तरी नावे ठेवणार नाही. तिला नियम आहेत, ती शिकता येते. आमची लिपी केमिस्टखेरीज कोणाला येत नाही, आणि त्यालाही पुष्कळदा अंदाजच करावा लागतो.

एक प्रसंग सांगतो. चूक माझी आहे, म्हणून सांगायला संकोच नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आजींना मी पहिल्यांदाच इन्सुलिन सुरू केले. मुलाकडे राहायला नुकत्याच आल्या होत्या, मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. रोज चार युनिट घ्यायचे होते. मी चिठ्ठीवर चारचा आकडा काढला आणि युनिटसाठी नेहमीच्या सवयीने इंग्रजी 'यू' हे एकच अक्षर लिहिले. दवाखान्यात गर्दी होती, हात घाईत होता, 'यू' वरून मिटला. तो शून्य दिसू लागला. चारचे झाले चाळीस!

आपल्याकडे कुपीतून इन्सुलिन घेण्याची जी सिरिंज सर्रास वापरतात, तिच्यावर चाळीसच खुणा असतात. म्हणजे सिरिंज काठोकाठ. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, "डॉक्टर, पूर्ण सिरिंज भरायची ना? आई म्हणते, एकदा विचारून घे." तो फोन आला नसता तर रात्रीतून साखर उतरून आजी बेशुद्ध पडल्या असत्या. पुढचे बोलवत नाही. त्या दिवसापासून मी 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहितो. त्या एका अक्षरापायी जगभर अशा चुका झाल्या आहेत, आणि ते टाळावे अशी सूचनाही जुनी आहे. पण दुसऱ्याला ठेच लागून आपण शहाणे होत नाही.

आता कायदा काय म्हणतो? १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम सांगतो की चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख असावी, रुग्णाचे नाव-पत्ता असावा, औषध एकूण किती आणि मात्रा किती हे लिहिलेले असावे. अक्षर वाचता यावे, असे मात्र बराच काळ कोणी ठणकावून सांगितले नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ साली दुरुस्ती झाली. औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव लिहावे, ते वाचता येईल असे आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असे तिच्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयापुढे एका प्रकरणात डॉक्टरी अहवाल आला. त्यातला एक शब्दही न्यायमूर्तींना लागेना! तेव्हा न्यायालयाने सांगितले की वाचता येणारी चिठ्ठी मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कॉम्प्युटरवरच्या चिठ्ठ्या दोन वर्षांत सुरू करा, आणि तोवर मोठ्या लिपीत लिहा, असा आदेश दिला. निकाल तिकडचा असला तरी दुखणे सगळीकडचे आहे.

आपले बेंगळूरू या बाबतीत मागे नाही. सुरतकलच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शशांक एन. डी. आणि अभिनव लाल या दोघांनी २००८ साली 'प्रॅक्टो' सुरू केली. शशांक यांच्या वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते. परदेशातल्या डॉक्टरांचे मत घ्यायचे तर कागदपत्रे पाठवायची कशी, इथून सुरुवात झाली. दवाखान्याच्या नोंदी आणि चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर ठेवण्याचे त्यांचे सॉफ्टवेअर पुढे अनेक डॉक्टरांच्या टेबलावर आले. मानसिक आजाराच्या रुग्णांच्या नोंदींसाठी कर्नाटक सरकारने निम्हान्स आणि आय.आय.आय.टी. बेंगळूरू यांच्या साहाय्याने 'ई-मानस' ही व्यवस्था उभी केली.

मग कोरोना आला. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरून तपासून सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा ई-चिठ्ठी पाठवायला रीतसर मान्यता मिळाली. नशा आणणाऱ्या ठरावीक औषधांना मात्र तिथेही बंदीच ठेवली, आणि ते योग्यच झाले. एप्रिल २०२० मध्ये सरकारच्या ई-संजीवनीची घरबसल्या सल्ल्याची सोय सुरू झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर आले आणि 'आभा' हा चौदा आकडी क्रमांक मिळू लागला.

मीही वयाच्या साठीला टेकल्यावर कॉम्प्युटरवर चिठ्ठी लिहायला शिकलो. फायदे उघड आहेत. अक्षर स्वच्छ असते. मागच्या खेपेला काय दिले होते ते समोर दिसते. एखाद्या औषधाची ॲलर्जी नोंदवलेली असेल, किंवा दोन औषधे एकमेकांशी पटणारी नसतील, तर चांगले सॉफ्टवेअर टोकते. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर औषधे कॉम्प्युटरवर लिहू लागले, तेव्हा औषधांच्या गंभीर चुका निम्म्याहून अधिक कमी झाल्या, असा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. हे थोडेथोडके नव्हे.

पण दुसरी बाजूही आहे. २००५ साली फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयातला अभ्यास आला. अशाच यंत्रणेमुळे होऊ शकणाऱ्या चुकांचे तिथे २२ प्रकार मोजले गेले. यादीत शेजारच्या नावावर बोट पडणे, एका रुग्णाच्या पानावर दुसऱ्याची औषधे लिहिणे, जुने बंद न करताच नवे सुरू करणे, असे ते प्रकार. हाताने लिहिलेली चूक निदान संशयास्पद तरी दिसते. छापलेली चूक सुवाच्य असते आणि खरी वाटते!

याचाही अनुभव माझाच. सांधेवाताच्या एका बाईंना त्यांच्या तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट दिले होते. ही गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेतते. मी तीच गोळी पुढे चालू ठेवली. नाव टाइप केले, यादीतून निवडले, आणि शेजारच्या रकान्यात 'रोज एक' हे आपोआप आले. मी खाली सही केली. कागद सुंदर छापून निघाला. बाई औषधाच्या दुकानात गेल्या. तिथल्या कन्नड मुलाने मला फोन केला, "सर, ही गोळी रोज?" मी खुर्चीतून उठलोच.

मित्रहो, या दोन प्रसंगांत वीसएक वर्षांचे अंतर आहे. एक चूक पेनाची, एक कीबोर्डची. दोन्ही वेळा माणूस वाचला तो कोणीतरी विचारले म्हणून. एकदा आजींनी विचारायला लावले, एकदा दुकानातल्या मुलाने विचारले. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच. चिठ्ठी कागदावर असो की पडद्यावर, तिच्याबद्दल कोणी विचारले नाही तर ती अर्धीच राहते.

आणि आपल्या शहरात विचारण्याचे काम आणखी अवघड आहे. चिठ्ठी इंग्रजीत, तिच्यावर 'बीडी', 'टीडीएस', 'एचएस' अशी लॅटिनची पिल्ले. दुकानदार सांगतो कन्नडमध्ये, "ऊटक्के मुंचे" म्हणजे जेवणाआधी, "ऊट आद मेले" म्हणजे जेवणानंतर. ऐकणाऱ्या आजी सोलापूरच्या किंवा निपाणीच्या. निपाणीच्या असतील तर कन्नडचे जमेल. सोलापूरच्या आजी मान डोलावून घरी येतात. पूर्वी निदान कागद त्यांच्या हातात असायचा. शेजारणीला दाखवता यायचा, उशीखाली ठेवता यायचा. आता चिठ्ठी येते मुलाच्या व्हॉट्सॲपवर. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत मीटिंगमध्ये, आजी मल्लेश्वरममध्ये गोळ्यांच्या पाकिटांसमोर. अक्षर सुधारले आणि कागद मात्र हातातून गेला, ही काही प्रगती नव्हे.

म्हणून काही विनंत्या करतो.

पहिली, ई-चिठ्ठी मिळाली तरी छापील प्रत मागून घ्या. दवाखान्यात प्रिंटर नसेल तर घरी काढा, आणि ज्याचे औषध आहे त्याच्या हातात द्या.

दुसरी, डॉक्टरांसमोरच चिठ्ठी वाचून दाखवा. कोणती गोळी, कशासाठी, किती, केव्हा, किती दिवस. डॉक्टर घाईत असले तरी अर्धे मिनिट लागते. मला तरी आवडते.

तिसरी, छापील चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहा. 'सकाळी जेवणाआधी एक', 'फक्त रविवारी एक'. मोठ्या अक्षरात. हे काम नातवंडांना द्या, तेवढेच त्यांचे मराठीही सुधारेल!

चौथी, चालू असलेल्या सगळ्या औषधांची एक यादी ठेवा. काढे, आयुर्वेदिक गोळ्या, शेजाऱ्यांनी सुचवलेली पूड, सगळे त्यात येऊ द्या. कॉम्प्युटर टोकतो हे खरे, पण जे सांगितलेलेच नाही त्यावर तो टोकणार कसा?

पाचवी, मोबाइलमधली जुनी चिठ्ठी दाखवून स्वतःच्या मनाने पुन्हा औषध आणू नका, आणि दुसऱ्याला 'फॉरवर्ड' तर मुळीच करू नका. 'आभा'वरच्या नोंदी तुमच्या संमतीने पाहायच्या असतात. ती संमती आणि फोनवर येणारा ओटीपी कोणालाही सहज देऊ नका.

डॉक्टर मित्र कोणी बसले असतील तर त्यांनाही एक सांगणे. सॉफ्टवेअरने भरलेला रकाना हा आपण लिहिलेला शब्द नव्हे, तरी सही आपलीच असते. सही करण्याआधी एकदा वाचा. आणि दुकानदाराचा फोन आला तर रागावू नका. त्याला चहाला बोलवा. मी बोलावले होते.

गणपतीने व्यासांची अट मान्य केली. अवघड श्लोक आला की तो थांबायचा, अर्थ लावायचा आणि मग लिहायचा. त्या थांबण्यामुळे लेखन खोळंबले असेल, पण बिघडले नाही. आपली यंत्रे वेगाने लिहितील, त्यांनी लिहावे. थांबून अर्थ विचारायचे काम आपल्याकडे राहू द्या. त्या आजींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पण "एकदा विचारून घे" हे त्यांना सुचले, आणि पुढे कितीतरी वर्षे माझ्या दवाखान्यात त्या स्वतःच्या पायांनी येत राहिल्या.

 गणपती बाप्पा मोरया!