नळाची चावी कोणाच्या हाती?



माझे बालपण पुण्यातील एका वाड्यात गेले. चौकात एकच नळ आणि त्यावर सात बिऱ्हाडे. एका उन्हाळ्यात भाडेवाढीवरून मालकांचे एका बिऱ्हाडकरूशी वाजले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो नळाला पाणी नाही! भांडण एकाशी, पण घागरी रिकाम्या सातांच्या. मालकांनी कोणास 'घर सोडा' म्हटले नाही. मात्र महिन्याभरात तीन बिऱ्हाडे निघून गेली. मालक पुढे सांगत, "ती आपण होऊन गेली." या 'आपण होऊन' शब्दांतच माझा आजचा सारा विषय आहे.

त्या वेळी कायदा नव्हता काय? होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमात याच प्रसंगावर इलाज सांगितलेला होता. पण आमच्या वाड्यात तो कोणास ठाऊक नव्हता. माहीत नसलेला हक्क हा कुलुपात ठेवलेल्या पाण्यासारखाच होय.

आज त्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याचे २९ वे कलम सांगते की, योग्य व पुरेशा कारणावाचून भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा मालकाने स्वतः तोडू नये व दुसऱ्याकडून तोडवू नये. अत्यावश्यक म्हणजे काय? पाणी, वीज, बोळातला व जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाईची सोय. यात आणखी एक मर्म आहे. मालकाने स्वतः चावी फिरवली नाही, पण त्याच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे नगरपालिकेने पाणी तोडले, तरी दोष मालकाचाच धरला जातो.

असे झाल्यास भाडेकरूने न्यायालयात अर्ज करावा: मुंबई-पुण्यास लघुवाद न्यायालयात, जेथे असे न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायालयात. तहान तारखा पाहत थांबत नाही, हे जाणून कायद्याने चौकशी पुरी होण्याआधीच अंतरिम हुकूम देण्याची सोय ठेवली आहे. ठरल्या दिवसापर्यंत पुरवठा पूर्ववत न केल्यास मालकास दररोज शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पुरवठा तोडणे हा स्वतंत्र गुन्हाही आहे. एकाच इमारतीतील भाडेकरूंना मिळून एक अर्ज करता येतो. आमची सात बिऱ्हाडे एकत्र आली असती तर!

विजेविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की, वीज ही मूलभूत सोय आहे. मालक ना-हरकत दाखला देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूस ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढेच वीज देणाऱ्याने पाहावे.

आता मालकांची बाजू. ती ऐकल्यावाचून न्याय पुरा होत नाही. वर्षानुवर्षे गोठलेल्या भाड्यात वाड्याची कौलेसुद्धा शाकारता येत नाहीत, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. भाडे असे गोठवून ठेवणे वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये म्हटले. नव्या कायद्यात दरसाल चार टक्के वाढ ठेवली आहे. भाडे थकवणारा भाडेकरूही साव नव्हे. पण त्यासाठी नोटीस आहे, दावा आहे. ज्या कामास न्यायाधीशाचा हुकूम लागतो, ते काम पान्ह्याने उरकणे ही घरमालकी नव्हे. ती पुंडाई होय.

म्हणून भाडेकरूंना माझे सांगणे एवढेच. आपले भाडे वेळेवर द्या. मालक घेत नसेल तर पोस्टाने किंवा बँकेतून पाठवा, पण थकवू नका. पावती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता तुटले ते लिहून ठेवा आणि मालकास लेखी कळवा. स्वतः कुलूप फोडायला जाऊ नका. 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्यांनी मात्र ध्यानात घ्यावे की, हे कलम भाडेकरूंविषयी बोलते. म्हणून पाणी, वीज व सफाईचा उल्लेख त्यांनी करारनाम्यातच करून घ्यावा.

त्या उन्हाळ्यात गेलेल्या तीन बिऱ्हाडांपैकी एकात माझा वर्गमित्र होता. हातगाडीवर सामान चढत असता त्याची आई कोरड्या नळापाशी क्षणभर उभी राहिली आणि काही न बोलता निघाली. ती आपण होऊन गेली, असे मला आजही म्हणवत नाही. तुमच्या आळीत उद्या असा नळ कोरडा पडला, तर त्या बिऱ्हाडास हे कलम सांगायला कोणी तरी जावे, एवढ्यासाठीच मी आज येथे उभा राहिलो.