अडचणीतील कंपनी आणि रोखेधारकाचा हक्क



मध्यमवर्गीय घरात 'शेअर' म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. 'कर्जरोखा' म्हटले की ती मावळते. व्याज ठरलेले, मुद्दल परतीची तारीख ठरलेली आणि वर मानांकन संस्थेचा 'ट्रिपल ए' शिक्का! दिवाण हाउसिंग फायनान्स अर्थात डीएचएफएल या कंपनीने २०१६ व २०१८ मध्ये जनतेला रोखे विकले, ते याच विश्वासावर. जून २०१९ मध्ये व्याजाचा हप्ता चुकला आणि मानांकन थेट 'डी'वर आले. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले, डिसेंबरात प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली आलेली ही पहिलीच वित्तीय कंपनी.

अशा वेळी रोखेधारकाच्या हाती काय असते? तो कंपनीचा मालक नव्हे, धनको आहे. कंपनी अवसायनात निघाली तर प्रक्रियेचा खर्च भागल्यावर, कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्याच्या बरोबरीने, तारण असलेल्या धनकोचा क्रम लागतो. रोखा विनातारण असेल तर कर्मचाऱ्यांच्या थकीत पगारानंतर. भागधारक सर्वांत शेवटी. 'तारणी' की 'विनातारणी', हा अर्जावरचा शब्द रोखे घेताना किती जण वाचतात?

मात्र प्रकरण दाखल होताच वसुलीच्या दाव्यांना स्थगिती मिळते. एकट्यादुकट्याला कोर्टात जाऊन आपले पैसे सोडवून आणता येत नाहीत. मुदतीत दावा नोंदवायचा आणि विश्वस्तामार्फत मत द्यायचे. जनतेला रोखे विकणाऱ्या कंपनीला असा विश्वस्त नेमावाच लागतो. तोडग्याला धनको समितीत किमान ६६ टक्के मते लागतात. विरोधात मत देणाऱ्यालाही अवसायनात त्याच्या वाट्याला जे आले असते, तेवढे तरी द्यावे लागते. पण ते बहुधा तुटपुंजेच.

डीएचएफएलवर सुमारे ८७,००० कोटींचे दावे होते. पिरामल समूहाने सुमारे ३४,२५० कोटींना कंपनी घेतली. त्यातही निम्म्याहून अधिक मोबदला रोख नव्हे, तर दहा वर्षांचे नवे रोखे! ७ जून २०२१ रोजी न्यायाधिकरणाने तोडगा मंजूर केला.

खरा वाद पुढेच होता. जुन्या व्यवस्थापनाच्या काळातील सुमारे ४५,००० कोटींच्या कथित फसव्या व्यवहारांतून पुढेमागे वसुली झाली, तर ती कोणाची? तोडग्यात तिचे मोल धरले होते अवघा एक रुपया, आणि वसुली जाणार होती नव्या मालकाकडे. एका मोठ्या रोखेधारक कंपनीने यास आव्हान दिले. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते मान्य करून समितीला फेरविचार करण्यास सांगितले. १ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरविला: धनको समितीने बहुमताने व्यापारी विवेकातून केलेला सौदा न्यायालय बदलणार नाही. ती वसुली आता पिरामलचीच.